रंगूनमध्ये सहा वर्षे : जडसन दांपत्याचा संसार आणि ‘आमिषा’चा जुना आरोप

धर्मांतराचा विषय निघाला की महाराष्ट्रात एक शब्द तयारच असतो : आमिष. गोऱ्या पाद्र्याने धान्याची पोती वाटली, औषधाची बाटली दिली, पोराला शाळेत घातले आणि बिचारा अडाणी महार-मांग बाटला, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. ती सांगणारे कोण, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्यांनी आपल्या आजोबांना विहिरीवर घागर बुडवू दिली नाही, त्यांनाच तो आजोबा कोणत्या घागरीतले पाणी प्यायला याची फार चिंता. पण अलीकडे आपल्यातलीही काही मंडळी हीच गोष्ट उत्साहाने सांगू लागली आहेत, म्हणून हा लेख लिहावा लागत आहे.

या मंडळींच्या लक्षात येत नाही की हे हत्यार उलटते. १९५६ च्या दीक्षेनंतर आपल्यालाही ‘फायद्यासाठी धर्म सोडला’ हेच ऐकावे लागले. फायदा कसला? बौद्ध झाल्याबरोबर अनुसूचित जातीच्या सवलती हातच्या गेल्या आणि केंद्राच्या पातळीवर त्या परत मिळायला १९९० उजाडले. तरी माणसे मागे फिरली नाहीत. तेव्हा आमिषाचा आरोप कोणाच्याही धर्मांतरावर करण्याआधी तो इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

त्यासाठी आम्ही मुद्दाम एक उलटे उदाहरण घेत आहोत. एक मिशनरी जोडपे. शिकलेले, कष्टाळू, जीव पणाला लावणारे. ते परदेशी गेले, आणि गेले तेही बौद्ध देशात. सहा वर्षे रोज राबल्यावर त्यांच्या हाती एक माणूस लागला. अवघा एक. का? या ‘का’चे उत्तर शोधताना आपल्याला आपलाच इतिहास दिसू लागतो.

एकाच तुकडीच्या दोन वाटा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला अडोनिराम जडसन आणि त्याच राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावची ॲन हॅसल्टाईन. तो पाद्र्याचा मुलगा, ती शाळेत शिकवणारी तरुणी. मागणी घालताना अडोनिरामने तिच्या वडिलांना जे पत्र लिहिले, ते वाचून कोणत्याही बापाचे काळीज हलेल. तुमची मुलगी पुन्हा या जन्मी दिसेल याची खात्री नाही, तिच्या वाट्याला परका मुलूख, हाल आणि कदाचित भयंकर मरण येईल, तरी तुम्ही तिला पाठवाल का, असे त्याने सरळ विचारले होते. बापाने निर्णय मुलीवर सोडला. मुलीने होकार दिला.

५ फेब्रुवारी १८१२ ला लग्न झाले. दुसऱ्या दिवशी सेलम गावच्या चर्चमध्ये अडोनिरामला आणि त्याच्या सोबत्यांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. दोन आठवड्यांत जहाज सुटले. अमेरिकेतून परदेशी गेलेली ही पहिली संघटित मिशनरी तुकडी. वाटेत समुद्रावर पुस्तके वाचता वाचता जडसन पती-पत्नीचे बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले आणि कलकत्त्याला पोचल्यावर त्यांनी आपला पंथ सोडून बॅप्टिस्ट पंथ धरला. म्हणजे ज्या मंडळाने पैसे देऊन पाठवले, त्याचाच आधार त्यांनी सोडला. दुसऱ्याला धर्म बदलायला सांगायला निघालेल्या माणसांनी आधी स्वतःचा पंथ बदलला आणि त्याची किंमत मोजली, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते. व्यापाराला आणि राज्याला धर्माच्या भानगडी परवडत नाहीत, हा तिचा हिशेब. या सगळ्यांना हिंदुस्थान सोडण्याचा हुकूम निघाला. तुकडी फुटली. सॅम्युअल नॉट, त्याची पत्नी रॉक्झाना आणि गॉर्डन हॉल हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला येऊन पोचले. जडसन पती-पत्नी मॉरिशस, मद्रास असे भटकत त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ब्रह्मदेशात रंगूनला उतरले.

वाचकांनी ही फाटाफूट लक्षात ठेवावी. मुंबईला उतरलेल्या शाखेतून पुढे अमेरिकन मराठी मिशन वाढले. १८३१ मध्ये ते अहमदनगरला गेले आणि १८४२ मध्ये तिथून त्याने ‘ज्ञानोदय’ सुरू केले. रंगूनला उतरलेल्या शाखेची गोष्ट आता सांगतो. एकाच गावी दीक्षा, एकच बायबल, एकाच तऱ्हेची माणसे. फरक होता तो समोरच्या समाजात.

रंगूनमधला दिवस

मद्रासहून रंगूनला येताना जहाजावर ॲनचे पहिले मूल मृत जन्मले. ती इतकी खंगली होती की तिला खुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू बांधून किनाऱ्यावरून उचलून न्यावे लागले. राहायला जागा मिळाली ती गावकुसाबाहेर, जिथे गुन्हेगारांना मारत त्या जागेच्या जवळ. गावकुसाबाहेरचे राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की ते तिथे स्वतःच्या निर्णयाने आले होते आणि नंतर चोरांच्या भीतीने गावात राहायला जाऊ शकले.

त्यांच्या दिवसाचा मोठा भाग जाई भाषा शिकण्यात. ब्रह्मी भाषेचा छापील कोश हाताशी नव्हता. शिकवणाऱ्या पंतोजीला इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. मग वस्तूकडे बोट दाखवायचे, पंतोजीने नाव सांगायचे, ते लिहून घ्यायचे. ताडपत्रावरचे गोल गोल अक्षर, दोन शब्दांत जागा सोडण्याची पद्धत नाही; वाक्य कुठे संपले आणि कुठे सुरू झाले हे कळेपर्यंत डोळे दुखायचे. धर्माचे सगळे शब्द पालीतून आलेले, म्हणून पालीही शिकणे आले. पंतोजीला सुरुवातीला बाईला शिकवण्यात काही गोडी नव्हती. पण बाई उठायला तयार नव्हती, त्यामुळे त्याचा नाइलाज झाला.

गंमत अशी की बोलण्यात बायकोच नवऱ्याच्या पुढे गेली. अडोनिराम ग्रंथ घेऊन बसे. ॲनला मात्र घर चालवायचे होते. नोकरांना काम सांगायचे, बाजारहाट करायची, शेजारणीशी बोलायचे. भाषा तिच्या तोंडात बसली ती स्वयंपाकघरातून. खाणेही बदलले. पाव, लोणी, चीज, बटाटे यांपैकी काही नाही; भात आणि कोंबडीचा रस्सा, कधी कोंबडीत काकडी घालून. घरच्या पत्राची वाट महिनोन्‌महिने पाहायची. सप्टेंबर १८१५ मध्ये मुलगा झाला. आठ महिन्यांचा होण्याआधीच तो तापाने गेला. घरामागे त्याला पुरले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच ताडपत्र, तोच पंतोजी.

१८१६ मध्ये सेरामपूरहून छापखाना आला. अडोनिरामने ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारी पुस्तिका लिहिली, ॲनने प्रश्नोत्तरी लिहिली, दोन्ही छापल्या. रंगूनमध्ये सयामी लोक होते. ॲनने त्यांचीही भाषा शिकून घेतली आणि मत्तयचे शुभवर्तमान सयामीत उतरवले. तिची सयामी प्रश्नोत्तरी १८१९ मध्ये सेरामपूरला छापली गेली. एवढे काम करणाऱ्या बाईचा अमेरिकेच्या मिशन-मंडळाच्या दप्तरात दर्जा काय? मिशनऱ्यांच्या बायकांना तिथे ‘सहायक मिशनरी’ म्हणत. पुरुष धर्म सांगतो, बाई मदत करते. हे वाचताना आम्हाला हसू येत नाही, कारण आपल्या चळवळीच्या अहवालांतही अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष सगळे पुरुष आणि खाली ‘महिला मंडळाचे सहकार्य लाभले’ अशी एक ओळ असते.

१८१९ मध्ये त्यांनी श्वेडगॉन पॅगोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक झयात बांधली. झयात म्हणजे वाटसरूंनी टेकायची, उपदेश ऐकायची लाकडी-बांबूची ओसरी; आपल्या धर्मशाळेसारखी. बौद्धांचीच ती रीत. अडोनिराम दिवसभर पुढच्या भागात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारी, चर्चा करी. ॲन बायकांना घेऊन बसे. लोक येत, ऐकत, वाद घालत, हसत आणि पॅगोड्याकडे निघून जात.

२७ जून १८१९ ला माऊंग नाऊ नावाच्या एका कष्टकरी माणसाने बाप्तिस्मा घेतला. रंगूनला उतरल्यापासून सहा वर्षांनी पहिला माणूस.

गाभ्याचा प्रश्न : माणसे का आली नाहीत?

आमिषवाल्यांच्या सिद्धांताप्रमाणे इथे रांग लागायला हवी होती. छापखाना होता, परदेशी पैसा होता, बोलके जोडपे होते, गरीब लोक तर ब्रह्मदेशातही भरपूर होते. तरी कोणी हलले नाही. का?

पहिले उत्तर लगेच मिळते : राजाची भीती. हे खरे आहे, आम्ही ते लपवत नाही. ब्रह्मदेशात राजाचा धर्म सोडणे धोक्याचे होते. १८२० मध्ये जडसन स्वतः राजा बाजीदॉ याच्या दरबारी परवानगी मागायला गेला, तेव्हा राजाने त्याची पुस्तिका थोडी वाचून खाली टाकली. पण भीती हे पुरे उत्तर असते, तर भीती संपल्यावर चित्र पालटायला हवे होते. १८२६ मध्ये ब्रह्मदेशाची किनारपट्टी इंग्रजांकडे गेली, १८५२ मध्ये रंगून गेले, १८८५ मध्ये राजाच राहिला नाही. ख्रिस्ती सत्ता डोक्यावर असूनही ब्रह्मी माणूस बौद्धच राहिला. २०१४ च्या म्यानमारच्या जनगणनेत बौद्ध सुमारे ८८ टक्के आणि ख्रिस्ती सुमारे ६ टक्के आहेत. दोनशे वर्षांचे मिशन, त्यात दीर्घ काळ पाठीशी साम्राज्य, आणि फळ एवढे.

खरे उत्तर त्या समाजात आहे. ब्रह्मी मुलगा गावच्या विहारात जाऊन भिक्खूकडे अक्षर शिकत असे. त्याला कोणी ‘तुझ्या कानात अक्षर पडले तर शिसे ओतू’ असे सांगितले नव्हते. काही काळ चीवर घालून श्रामणेर होणे हा मुलाच्या आयुष्यातला सण होता आणि तो गरिबाच्या घरीही होत असे. बायका बाजारात स्वतः व्यापार करत, मालमत्ता बाळगत. पॅगोड्याच्या पायऱ्या चढताना कोणी जात विचारून खाली ढकलत नसे. अशा माणसाला जडसनने सांगितले की तुझा धर्म खोटा आहे. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले असेल, की मग माझे काय अडले आहे?

एक बारीक गोष्ट पाहा. बायबलातल्या देवाला ब्रह्मी भाषेत काय म्हणायचे, हा जडसनपुढचा पेच होता. त्याला शेवटी ‘फया’ हाच शब्द घ्यावा लागला. हा शब्द ब्रह्मी लोक बुद्धासाठी वापरत होते, पॅगोड्यासाठी वापरत होते. त्याला ‘शाश्वत’ असे विशेषण जोडून त्याने आपला देव उभा केला. ज्याला हटवायला आला, त्याच्याच शब्दात त्याला आपली प्रार्थना लिहावी लागली. भरलेल्या घरात नवा पाहुणा असाच दाराशी उभा राहतो.

आता जडसनच्या मुंबईला उतरलेल्या सोबत्यांकडे वळू. मुंबईतही पहिली अनेक वर्षे त्यांच्या हाती फारसे लागले नाही. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये पटकीने मेला तोवर फळ नगण्य होते. पण याच मिशनचे काम नगर जिल्ह्यात पोचल्यावर महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून माणसे येऊ लागली. तेच मिशन, तेच बायबल. मग बदलले काय? श्रोता बदलला. इथे तो माणूस उभा होता ज्याला त्याच्या धर्माने देवळाबाहेर, शाळेबाहेर, गावाबाहेर ठेवले होते.

पुरावा हवा असेल तर मुक्ताबाईंकडे चला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये छापून आला तो ‘ज्ञानोदय’मध्ये, म्हणजे जडसनच्या सोबत्यांनी रुजवलेल्या मिशनच्या पत्रात. त्या निबंधात तिने ईश्वरालाच विचारले, की वेद जर ब्राह्मणांचेच असतील, तर आम्हा महार-मांगांचा धर्म कोणता? रंगूनच्या झयातीत येणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडलाच नव्हता. त्याच्याकडे उत्तर होते. मुक्ताबाईंकडे उत्तर नव्हते, कारण ते त्यांच्यापासून हिसकावून घेतले होते. धर्मांतराचे सगळे रहस्य या दोन माणसांमधल्या अंतरात आहे. माणूस पोत्याच्या मागे जात नाही. जिथे त्याला माणूस म्हणून उभे राहता येते, तिथे तो जातो.

ब्रह्मदेशातच मिळालेला दुसरा पुरावा

आमचा हा मुद्दा ब्रह्मदेशातच एकदा सिद्ध झाला, आणि तो आपल्याला अवघड जाणारा आहे. म्हणून तो झाकून न ठेवता सांगतो.

१८२४ मध्ये इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटले. जडसन तेव्हा राजधानी आवा येथे होता. गोरा म्हणजे इंग्रजांचा हेर, असे धरून त्याला तुरुंगात टाकले. पायात तीन-तीन बेड्या. रात्री पायांत बांबू अडकवून तो वर उचलत, की खांदे आणि डोके तेवढे जमिनीला टेकत. असे सतरा महिने गेले. ॲन गरोदर होती. रोज अधिकाऱ्यांच्या दारी जायचे, पहारेकऱ्यांना काहीतरी द्यायचे, जेवण पोचवायचे. तिने ब्रह्मी पोशाख घातला. नवऱ्याच्या बायबल-भाषांतराचे हस्तलिखित तिने आधी घराखाली पुरले आणि मग एका कडक उशीत शिवून तुरुंगात त्याच्या डोक्याखाली पोचवले. जानेवारी १८२५ मध्ये मुलगी झाली. तान्हे मूल घेऊन ती दुसऱ्या तुरुंगापर्यंत मागोमाग गेली. तिथे ती आजारी पडली, दूध आटले. तेव्हा बेड्या घातलेला अडोनिराम पहारेकऱ्याला काहीतरी देऊन मूल घेऊन गावात फिरे आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांकडे पोरीसाठी दूध मागे. त्या बौद्ध बाया होत्या. शत्रूच्या देशातल्या समजल्या गेलेल्या, परधर्माच्या माणसाच्या पोरीला त्यांनी पाजले. मिशनच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत. आम्हाला मात्र या सगळ्या कथेत त्यांचीच करुणा सर्वांत मोठी वाटते.

युद्ध संपले. ऑक्टोबर १८२६ मध्ये ॲन अम्हर्स्ट या नव्या गावी तापाने वारली. वय ३६. नवरा त्या वेळी इंग्रज वकिलातीबरोबर आव्याला गेला होता. सहा महिन्यांनी मुलगीही गेली.

आणि यानंतर मिशनला माणसे मिळू लागली. पण ती ब्रह्मी नव्हती. ती होती करेन, डोंगराळ भागातली, ब्रह्मी राज्यात हीन लेखली जाणारी जमात. को था ब्यू नावाचा एक करेन कर्जापायी गुलाम झाला होता. जडसनने त्याचे कर्ज फेडून त्याला घरी आणले. १८२८ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला आणि मग तो स्वतः डोंगरात गावोगाव फिरू लागला. १८३० च्या दशकात मिशनऱ्यांनी करेन भाषेला लिपी करून दिली. करेन लोकांपैकी पुष्कळ आजही बौद्ध आहेत. पण जे ख्रिस्ती झाले, ते हजारोंनी झाले.

आमिषवाले म्हणतील, बघा, कर्ज फेडले! आम्ही विचारतो, त्याला कर्जापायी विकत घेता येते, ही व्यवस्था कोणाची होती? राज्य बौद्ध होते. ज्या देशात भिक्खूला गुडघे टेकून वंदन होत होते, त्याच देशात कर्जापायी गुलामी होती आणि पॅगोड्याला पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेले दास अस्पृश्यासारखे वाळीत होते. बुद्धाने जन्मावरून उच्च-नीच मानणे नाकारले. पण बुद्धाचे नाव घेणाऱ्या राज्याने काही माणसांना खालीच ठेवले. आणि ज्याला खाली ठेवले, तो दुसऱ्या दारी गेला. नियम एकच, मग समाज हिंदू असो की बौद्ध. ज्या समाजाला आपली माणसे टिकवायची आहेत, त्याने कायदे करून दारे बंद करू नयेत, त्याने आपली उतरंड मोडावी.

हा नियम आम्ही आपल्याही अंगणात लावतो. धम्मात येऊन सत्तर वर्षे होत आली, तरी लग्न जुळवताना पोटजात विचारणारी घरे आपल्यात आहेत. मातंग, चर्मकार, वाल्मिकी बांधव विहारात आला, तर त्याला ‘आपला’ समजायला आपण किती वेळ घेतो? त्याने उद्या दुसरे दार ठोठावले, तर त्याला आमिष मिळाले असे म्हणायचा अधिकार आपल्याला उरत नाही.

काय घ्यायचे, काय टाकायचे

जडसन दांपत्याची आरती ओवाळण्यासाठी हा लेख नाही. त्यांच्या दृष्टीने बुद्धाचा धम्म म्हणजे ईश्वर नसलेला अंधार होता. ज्या लोकांत त्यांनी आयुष्य काढले, ते सारे नरकात जाणार अशी त्यांची खरोखरची समजूत होती. आव्यात ॲनने दोन ब्रह्मी मुली घरी आणून शिकवायला घेतल्या, तेव्हा त्यांना आपल्या बहिणींची नावे दिली, मेरी आणि ॲबी. त्या मुलींना आई-बापांनी दिलेली नावे होतीच की. दुसऱ्याने ठेवलेल्या नावाने हाक मारली जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबांची नावे धोंड्या, दगड्या अशी पाडली गेली त्यांना कळते. आणि युद्धाअखेर तहाच्या बोलण्यांत जडसन दुभाषा होता. त्या यांदाबोच्या तहाने ब्रह्मदेशाचा लचका तुटला. मिशन आणि साम्राज्य यांची वाट अशी कुठे ना कुठे एक होतेच.

बाबासाहेबांनीही मिशनऱ्यांना कधी मोकळे सोडले नाही. शाळा-दवाखाने काढले हे मान्य, पण ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या ऐहिक हक्कांसाठी ते झगडले नाहीत आणि चर्चमध्ये शिरलेली जात त्यांनी मोडली नाही, अशी त्यांची परखड टीका होती. धर्म बदलला आणि सामाजिक जागा तीच राहिली, तर माणसाला काय मिळाले?

पण याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बुद्धाच्या धम्माच्या भवितव्याविषयी लिहिताना तीन गोष्टी मागितल्या : बायबलासारखा एक सुटसुटीत बौद्ध ग्रंथ, भिक्खूसंघाच्या रचनेत आणि ध्येयात बदल, आणि जागतिक बौद्ध मिशन. पहिली गोष्ट त्यांनी स्वतः केली, मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ लिहून. उरलेल्या दोन आपल्यावर सोपवल्या. आपण काय केले?

भगवंतांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारी दिशांना पाठवले तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असे सांगितले होते. ती व्यवस्था घर सोडलेल्यांची होती. आज धम्म सांगणारे बहुतेक गृहस्थ आहेत, आणि कोणीही बौद्ध दुसऱ्याला दीक्षा देऊ शकतो असे सांगून बाबासाहेबांनी गृहस्थाला ती जबाबदारी दिली आहे. मग गृहस्थाचे मिशन कसे असते, हे पाहायला रंगूनचे ते घर उपयोगी पडते. आपला प्रचारक शेजारच्या राज्यात जातो तो मराठीतले भाषण घेऊन, आणि समोरच्याला कळले नाही की म्हणतो, समाज जागा नाही. जडसन सहा वर्षे आधी भाषा शिकले. आपण १४ ऑक्टोबरला मोठा मंडप टाकतो आणि १५ तारखेला मंडप उतरवतो. त्यांच्या झयातीत रोज कोणीतरी बसलेले असे. लोक ऐकून निघून गेले तरी बसलेले असे. आपल्याकडे बाई खीर वाटायला आणि पुरुष माईकवर. तिथे बाईने पुस्तके लिहिली, दोन भाषा शिकल्या आणि हस्तलिखित लपवून जपले.

एवढे घ्यावे आणि बाकीचे टाकावे. बुद्ध सांगायला कोणाला नरकाची भीती घालावी लागत नाही, हे आपले भांडवल त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे आहे.

शेवटी इतिहासाचा एक फेरा सांगून थांबतो. जडसन ज्या देशातून बुद्धाला घालवायला गेला, त्याच देशाच्या राजधानीत, रंगूनमध्ये, डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब गेले. तिथून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात बसवली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांना ज्यांनी त्रिशरण-पंचशील दिले, ते महास्थवीर चंद्रमणी जन्माने आराकानचे, म्हणजे ब्रह्मदेशातलेच. रंगूनच्या झयातीसमोरून हसत पॅगोड्याकडे निघून गेलेल्या त्या साध्या माणसांनी आपला दिवा विझू दिला नाही, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला.

त्या दिवशी नागपूरला चंद्रमणींच्या समोर एक जोडपेच उभे होते. बाबासाहेब आणि माईसाहेब. त्यांच्यामागे लाखो जोडपी होती. पोती वाटायला तिथे कोणी आले नव्हते. लोक घरची भाकरी बांधून आले होते.

त्या जोडप्यांची नातवंडे आपण. आपल्या घराच्या ओसरीत रोज कोण बसणार, एवढे आज रात्री घरात दोघांनी मिळून ठरवा.

जय भीम! नमो बुद्धाय!